खुंटांची गल्ली

मायाप्पाला सोलापुरात येऊन तीनच महिने झाले होते, पण बोलताना तो सर्रास ‘आमचं सोलापूर’ म्हणायला लागला होता. गिरणीच्या गुदामात कापडाच्या गाठी उचलायचं काम, डोक्याला नवा पटका, पायात करकर वाजणारं पायताण. सांगोल्याच्या माळावर मेंढरांमागे जन्म काढलेल्या गड्याला एवढं चढायला तीन महिने पुष्कळ झाले. त्याचा बाप बिरप्पा मोठ्या कळपाचा धनी होता. पण लागोपाठ दोन साली मेंढरांत रोग शिरला आणि कळप निम्म्याच्याही खाली आला. उरलेली मेंढरं थोरल्या भावालाच जेमतेम पुरणारी होती, म्हणून धाकट्या मायाप्पानं शहराची वाट धरली. गावचाच कोंडीबा आधीपासून गिरणीत होता. त्यानं शब्द टाकला आणि मायाप्पा चिकटला.

आता गावाकडून बिऱ्हाड आणायचं होतं. बिऱ्हाड म्हणजे बायको तानाबाई, नुकतीच अंगावरून तोडलेली पोरगी केरा, आणि त्या पोरीच्या दुधासाठी बापानं कळपातून काढून दिलेल्या दोन शेळ्या. प्रश्न एवढाच होता, की राहायचं कुठल्या पेठेत.

कोंडीबानं त्याला गिरणीच्या चाळीत यायला सांगितलं होतं. नळ जवळ, माणसं आपल्याच मुलखाची, अडल्यानडल्याला धावून येणारी. मायाप्पानं चाळ पाहिली. एकाला एक लागून खोल्या, धुरानं काळे पडलेले पत्रे, दारात शेळी बांधायची म्हटलं तर शेजाऱ्याच्या चुलीत तिचं तोंड जायचं. त्यानं नाक मुरडलं. खरं सांगायचं तर चाळीत तसं फार वाईट काही नव्हतं, आणि शेळ्यांचंही काहीतरी जमलं असतं. मोठी खोट एवढीच होती, की ती जागा कोंडीबानं सुचवली होती.

धनगरांच्यात तळ कुठं टाकायचा हे कळपाचा म्हातारा ठरवतो. बिरप्पा सगळ्यांच्या पुढं एकटाच चालत जायचा. पाणी बघायचा, वारा कुठून येतो ते बघायचा, माती मुठीत दाबून बघायचा. मग त्या जागेवर एक रात्र पडायचा आणि पहाटे उठून पुन्हा सगळं पहिल्यापासून बघायचा. त्यानंतर मागच्यांना निरोप. तळ दुपारचा बघू नये, असं तो पोरांना सांगायचा. दुपारी सगळ्या जागा सारख्याच शहाण्या दिसतात, पहाटे त्यांचं खरं रूप कळतं. मायाप्पा हे ऐकतच मोठा झाला होता, पण आजवर एकही तळ त्यानं निवडलेला नव्हता. दुसऱ्यानं निवडलेल्या जागेवर खुंट्या ठोकायच्या, एवढंच धाकट्याच्या वाट्याला आलेलं. आता पहिल्यांदा निवड त्याच्या हातात आली होती, आणि ती कोंडीबाच्या ओंजळीत टाकायला तो तयार नव्हता.

सुट्टीच्या दिवशी तो पेठा धुंडाळायला निघाला. निघाला तो भर दुपारी. बापाचं सांगणं मेंढरांपुरतं, शहराला ते कशाला लागू पडतंय, असा त्याचा हिशेब. मंगळवार पेठेत दुकानांची दाटी. तिथं एका घरमालकाला शेळ्यांचं विचारलं, तर त्यानं असं काही पाहिलं की मायाप्पानं भाड्याचं विचारलंच नाही. स्टेशनाच्या बाजूला कोळशाची धूळ. तळ्याकडं हवा छान, पण खोली कुणी देईना. फिरत फिरत तो साखर पेठेच्या पलीकडं आला आणि एका गल्लीच्या तोंडाशी थबकला.

गल्ली रुंद होती, सरळ होती आणि झाडून लख्ख केलेली होती. दगड नाही, काटा नाही, गाडीघोडं नाही. माणूसही फारसं दिसत नव्हतं. आणि गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, अंतराअंतरानं, बाभळीचे जाड खुंट पुरलेले होते. वापरून वापरून गुळगुळीत झालेले. मायाप्पाचं मन अगदी भरून आलं. एवढ्या मोठ्या शहरात घरोघर जनावर बांधायची सोय केलेली गल्ली आपल्याला सापडली, आणि कोंडीबाला इतक्या वर्षांत सापडली नाही, याचा त्याला केवढा आनंद झाला म्हणून सांगावं.

खुंट कशाचे, हे कुणाला तरी विचारावं असं त्याच्या मनात येऊन गेलं. एका घरातून बायकांचं तेलुगू बोलणं ऐकू येत होतं. पण विचारायचं म्हणजे आपण खेड्यातून आलो हे आपल्याच तोंडानं सांगायचं. ते त्याच्या नव्या पटक्याला शोभणारं नव्हतं.

त्या दिवशी अमावस्या होती. ती गल्ली विणकरांची होती आणि अमावस्येला विणकर मागाला हात लावत नाहीत, म्हणून गल्ली तशी रिकामी पडली होती. एरवी रोज पहाटे त्या खुंटांच्या आधारानं लुगड्यांचे ताणे पसरले जात. ताणा म्हणजे मागावर चढवायचं उभं सूत. ते गल्लीभर लांब ताणायचं, त्याला खळ लावायची, कुंच्यानं सारखं करायचं आणि ऊन तापायच्या आत वाळवून गुंडाळायचं. आकाशाकडं न बघता आज अमावस्या हे मायाप्पाला अंगातच कळायचं, पण या गल्लीत अमावस्येचा अर्थ काय, ते त्याला कुठून कळावं? टोकाच्या घरातली खोली रिकामी होती. मालक गुरुलिंग नावाचा भुसार व्यापारी, तो राहायचा दुसऱ्याच पेठेत. मायाप्पानं त्याला गाठून खोली पक्की केली आणि छाती पुढं काढून गावाकडं गेला.

बिऱ्हाड आलं ते दिवस मावळायच्या सुमाराला. गाडीत बोचकी, बोचक्यांवर केरा, आणि गाडीच्या मागं तानाबाई शेळ्या घेऊन चालत. मंगळवेढ्याच्या रस्त्यानं पाय पांढरे झालेले, तरी गल्लीत शिरल्यावर ती खोली बघायच्या आधी गल्ली बघत उभी राहिली. शेजारच्या ओट्यावर एक म्हातारा विणकर बसला होता, नरसय्या त्याचं नाव. त्यानं मान हलवून रामराम केला. मायाप्पानंही ऐटीत केला आणि शेळ्यांचं दावं बायकोच्या हातातून घेऊन दाराजवळच्या खुंटाकडं निघाला.

“अवो, ह्यो खुट जनावराचा न्हाय वाटत,” तानाबाई हलकेच म्हणाली. “खुटाभवती लेंडी न्हाय की. खुराची माती उकरलेली न्हाय. जनावर बांदत्यात तितं असं चकाचक असतंय व्हय? आजच्या दिस आत बांदू. सकाळी इचारू कुणालातरी.”

बोलणं अगदी खरं होतं. मेंढरांच्या मागं फिरलेल्या कुणालाही ते दिसायला हवं होतं, आणि मायाप्पाच्या डोळ्यालाही ते आत्ता, बोलल्याबरोबर, दिसलं. तेच तर त्याला झोंबलं. म्हाताऱ्याच्या देखत बायकोनं शिकवावं?

“तीन म्हैनं मी हितं ऱ्हातूय का तू?” तो म्हणाला. “तुला काय ठावं शेरातलं?”

आणि त्यानं स्वतःच्या हातानं दोन्ही शेळ्या त्या खुंटाला बांधल्या. चांगली घट्ट गाठ मारली.  तानाबाईनं चुलीला तीन धोंडे शोधले आणि भाकरीला लागली.

पहाटे गल्ली जागी झाली. नरसय्या, त्याची बायको सायव्वा, दोघं मुलगे आणि सुना, सगळी बाहेर आली. शेळ्या बांधलेल्या बघून ती जरा थांबली. पण तो खुंट टोकाचा होता, त्यांचा ताणा अलीकडच्याच खुंटांत बसत होता. नवं बिऱ्हाड आहे, कशाला पहिल्याच दिवशी बोला, असं म्हणून त्यांनी आपला ताणा पसरला. हिरवं सूत, काठाला लाल. दोघं भाऊ कुंचे घेऊन खळ लावत पुढं सरकायला लागले. सायव्वा वाकून तुटलेले धागे सांधत होती.

मायाप्पा कामावर जायला पटका बांधत दाराबाहेर आला. त्यानं ताणा पाहिला, खुंट पाहिले. सगळं क्षणात त्याच्या ध्यानात आलं. आता गुपचूप शेळ्या सोडून आत घ्याव्यात म्हणून तो दोन पावलं पुढं झाला, आणि तेवढ्यात गिरणीचा भोंगा झाला.

भोंगा मायाप्पाच्या कानाला इतका सवयीचा झाला होता, की त्याची त्याला आठवणच राहिली नव्हती. पहिल्या दिवशी तो स्वतः भोंगा ऐकून गुदामात खाली बसला होता, आणि कोंडीबा पोट धरधरून हसला होता. माळावरच्या त्या दोन शेळ्यांनी तर असला आवाज जन्मात ऐकलेला नव्हता. त्या उभ्या जागी उसळल्या. खुंट पुरलेला होता तो सुताचा संथ, एकसारखा ताण सोसायला, जिवाच्या भीतीनं हिसका मारणाऱ्या जनावराला तो काय दाद देणार? खुंट मातीतून निघाला. शेळ्या गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडं सुटल्या, दाव्यामागं खुंट उड्या मारत, आणि वाटेत जे काही होतं त्यातून आरपार. ओलं सूत शिंगांना गुंडाळलं, पायांत आलं, तुटलं, मातीत लोळलं. भोंगा थांबेपर्यंत ताण्यातलं काही शाबूत उरलं नव्हतं.

गल्लीतले सगळे विणकर ओट्यांवर आले. कुणी ओरडलं नाही. सायव्वा हातात तुटक्या सुताचा झुबका घेऊन उभी राहिली आणि तिनं मोडक्या मराठीत एवढंच विचारलं, की खुंटाला शेळ्या कोण बांधलं.

मायाप्पाच्या मागं दारात तानाबाई उभी होती, केराला कडेवर घेऊन. समोर सगळी गल्ली होती. मी बांधल्या, हे दोन शब्द होते. मेंढराच्या पिलालाही उच्चारता येतील एवढे सोपे.

“हिनं बांदल्या,” मायाप्पा म्हणाला. “बाईमाणूस, कालच गावास्नं आलीया. कळत न्हाय तिला.”

आणि तो गिरणीला निघून गेला. भोंगा झाला होता ना. कामावर खाडा होईल, हे कारण त्याला त्या घटकेला देवासारखं धावून आलं. वळून बघायची त्याची छाती झाली नाही. गल्लीच्या टोकाशी शेळ्या भिंतीला अंग घासत थरथरत उभ्या होत्या. त्यांच्याही बाजूनं तो मान खाली घालून गेला.

त्या दिवशी गाठी उचलताना त्याला एकच गोष्ट खात होती. लुगड्याचं नुकसान नव्हे. ते कसंही भरून निघालं असतं. पण खोटं बोलताना त्यानं मागं पाहिलं होतं, ओझरतं, आणि तानाबाईच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिनं नुसतं त्याच्याकडं पाहिलं होतं, नव्यानं ओळख करून घ्यावी तसं. ती भांडली असती तर बरं झालं असतं. संध्याकाळी घरी जाऊ तेव्हा भांडेल, मग आपण दोन शब्द चढवू, ती दोन चढवेल आणि मिटेल, अशी त्यानं मनाची समजूत घातली.

संध्याकाळी तानाबाई भांडली नाही. तिनं ताट वाढलं. तिच्या बोटांना खळीचा वास येत होता आणि बोटांच्या टोकांना सुतानं बारीक चिरा पडल्या होत्या. शेळ्या खोलीत आत बांधलेल्या होत्या, कोपऱ्यात. दिवसभर ती नरसय्याच्या घरी बसून तुटलेले धागे सांधत होती, हे त्याला केराच्या बोबड्या बडबडीतून कळलं. उद्या पण जायचं, असं ती पोर आनंदानं सांगत होती. सायव्वानं तिला गूळ दिला होता.

मग ती रोजच जायला लागली. लोकर कातायची सवय असलेला हात, धागा सांधायचं तिला चटकन जमलं. ताणा पुरा झाला तरी ती जायची थांबली नाही. आडव्या सुताच्या कांड्या भरू लागली, खळ शिजवू लागली, सुनांच्या तोंडून तेलुगू उचलू लागली. गल्लीतल्या बायका तिला नावानं हाका मारू लागल्या. शेळ्यांचं दूध सायव्वाच्या नातवालाही जायला लागलं. पंधरवडा गेला, महिना गेला, गल्ली तानाबाईची झाली.

मायाप्पाची मात्र झाली नाही. रोज सकाळी गल्ली ताण्यांनी भरलेली असायची, आणि तो घरामागच्या बोळातून, सांडपाण्याच्या कडेकडेनं कामावर जायचा. नवं पायताण चिखलात बुडायचं. पण समोरून जायचं म्हणजे त्या सगळ्यांच्या पुढून जायचं, आणि ते त्याच्यानं होईना. संध्याकाळ त्याहून वाईट. नरसय्या ओट्यावर बसलेला असायचा आणि न चुकता विचारायचा, “जेवला काय, मायाप्पा?” म्हाताऱ्याच्या आवाजात टोमणा नव्हता, कधीच नव्हता. मायाप्पा तो रोज शोधायचा. सापडला असता तर त्याचा जीव हलका झाला असता. तोंडातला घास त्याला कडू लागायचा. ‘आमचं सोलापूर’ तर तो विसरूनच गेला होता. गुदामात कुणी हसलं की हे आपल्यालाच हसले, असं त्याला वाटायचं.

शेवटी त्यानं कोंडीबाला गाठलं आणि चाळीत खोली आहे का विचारलं. कोंडीबानं डोळे बारीक करून पाहिलं, पण तो बिचारा खोचून बोलला नाही. खोली होती. मायाप्पाचा जीव भांड्यात पडला. आता कारणं तयार करायची. गिरणी जवळ, नळ जवळ, आपली माणसं. बिऱ्हाड आणायच्या आधी कोंडीबानं हीच कारणं सांगितली तेव्हा त्याला ती पटली नव्हती. सुट्टी बघून त्यानं दुपारी गाडी ठरवली आणि ती दारात आणून उभी केली. बायकोला आधी सांगितलंच नव्हतं. तळ हलवायचा तर कर्त्यानं नुसती खूण करायची असते, बायका बोचकी बांधतात. निदान त्याच्या बापाच्या वेळी तसं होतं.

तानाबाई नरसय्याच्या घरातून बाहेर आली. हातात अर्धी भरलेली कांडी. तिनं गाडी पाहिली, गाडीवाल्याकडं पाहिलं. मायाप्पानं खाली बघत आपली तयार कारणं एकामागून एक सांगून टाकली. तिनं ती सगळी ऐकून घेतली.

“तळ हलवायचा तर मेंढरासाटी हलवत्यात,” ती म्हणाली. “पानी आटलं, चारा सपला, तर हलवत्यात. गड्याचं त्वांड लपवाया तळ हलवल्याला मी तरी कुटं बगितला न्हाय. मामांनी बी कदी हलवला नसंल.”

मामा म्हणजे तिचा सासरा, बिरप्पा. आवाज तिनं मुळीच चढवला नव्हता. एवढं बोलून ती आत गेली आणि कांड्या भरायचा रहाट पुन्हा फिरायला लागल्याचा आवाज आला. गाडीवाल्यानं बैलाच्या पाठीवरची माशी उडवली आणि दुसरीकडं बघायला लागला. परक्या माणसालाही कळावं इतकं ते उघड होतं. मायाप्पाच्या कानशिलांपासून मानेपर्यंत आग पसरली. त्यानं गाडीवाल्याला परत पाठवलं.

ऊन उतरेपर्यंत तो खोलीत शेळ्यांपाशी बसून राहिला. मग उठला, पटका नीट बांधला, आणि नरसय्याच्या ओट्यापाशी जाऊन उभा राहिला. म्हातारा एकटाच होता. “जेवला काय,” असं तो म्हणायच्या आत मायाप्पानं सांगून टाकलं. शेळ्या त्यानं बांधल्या होत्या. बायको नको म्हणत होती. त्यानं ऐकलं नाही, आणि वर तिचंच नाव घेतलं.

नरसय्या ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्यानं पानाची देठं खुडत शांतपणे सांगितलं.

“मी हितंच बसलो होतो की रे. तू गाठ मारताना बघितलो.”

 मायाप्पा ओट्याच्या पायरीवर बसला.

म्हातारा पुढं सांगत गेला. त्या संध्याकाळी त्याला बोलायचं होतं, पण नवराबायकोचं चाललं होतं, मधे कशाला पडा म्हणून तो गप्प बसला. तेवढी चूक त्याचीही होती. सकाळी मायाप्पा जे बोलला ते खोटं, हे सायव्वाला आणि त्याला त्याच घटकेला कळलं. मुलगे तर चिडले होते, संध्याकाळी त्याला अडवून विचारणार होते. पण मायाप्पा गिरणीला गेला आणि लगेच तानाबाई पोरीला घेऊन त्यांच्या दारात आली.

“ती म्हणली, मीच बांधले. माझ्या मालकाला कोणी काय बोलू नका. म्हणून बसली आणि सूत सांधायला लागली.” नरसय्यानं पान तोंडात ठेवलं. “आता तिचं खोटं आम्ही कसं मोडायचं? बाईनं नवऱ्याची अब्रू झाकली. मग सगळी गल्ली तिची अब्रू झाकली. मी तुला जेवला काय विचारतो ते त्यासाठी. नाही विचारलो तर तुला कळेल आमाला ठावं आहे. तूही आता गप रहा. तिला वाईट वाटेल.”

म्हणजे इतके दिवस तो मागच्या बोळातून जात होता, आणि त्याला बोळातून जाताना बघून सगळी गल्ली ओळख न दाखवता दुसरीकडं बघत होती. लहान मूल काही चोरून खाताना दिसलं की घरची माणसं बघतात तशी. मायाप्पाला वाटलं, शिव्या दिल्या असत्या, दोन टोले हाणले असते, तर आपण माणसात तरी राहिलो असतो. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. नरसय्यानं ते पाहिलं आणि सवयीप्रमाणं दुसरीकडं बघितलं.

घरी आल्यावर तो तानाबाईला काही बोलला नाही.  तिनंही गाडीचं काही काढलं नाही.

पहाटे तिच्या उठण्याबरोबर तो उठला. या गल्लीत येऊन एवढे दिवस झाले, पण पहाटेची गल्ली त्यानं अशी कधी बघितलीच नव्हती. वारा पडलेला होता. खुंटाखुंटांशी माणसं हलत होती, खळीच्या पातेल्यांतून वाफ निघत होती. टोकाचा तो खुंट कुणीतरी पुन्हा ठोकून पक्का केला होता, आणि आज नरसय्याचा ताणा तिथपर्यंत आला होता. दुसऱ्या टोकाला थोरला मुलगा होता. या बाजूला टोक धरायला म्हातारा वाकत होता. मायाप्पा पुढं झाला आणि त्यानं ते टोक आपल्या हातात घेतलं. म्हातारा बाजूला झाला. गाठी उचलणारे दणकट हात, सुताचा तो बारीक ताण त्यांत थरथरत होता.

तानाबाई सुनांच्या रांगेत वाकून धागे बघत होती. तिनं त्याला पाहिलं. क्षणभर तिचा हात थांबला आणि पुन्हा चालायला लागला. गप राहायला म्हाताऱ्यानं सांगितलं होतं. पण आणखी एक दिवस गप राहिलो तर पुढं जन्मभर राहू, हे मायाप्पाला पक्कं ठाऊक होतं. हात गुंतलेले होते, पळून जायला जागा नव्हती. ते एका परीनं बरंच होतं.

“त्या दिशी शेळ्या म्या बांदल्या हुत्या,” तो म्हणाला. आवाज त्याला हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला. “ही नगं म्हनत हुती. म्या ऐकलं न्हाय. आन् तुमच्यापुढं खोटं बोललो.”

कुंचे थांबले.  तानाबाईनं मान वर केली नाही, फक्त तिच्या हातातला धागा तुटला आणि तिला तो पुन्हा सांधायला जरा वेळ लागला. मायाप्पा आपल्या पायाकडं बघत उभा राहिला. मग सायव्वा तेलुगूत काहीतरी फटकन म्हणाली. सुना तोंडाला पदर लावून खाली बघायला लागल्या.

“काय म्हनत्यात?” त्यानं बायकोला विचारलं. महिन्याभरात त्यानं तिला आपण होऊन विचारलेला तो पहिलाच प्रश्न होता.

तानाबाईनं पदरानं डोळे पुसले. “म्हनत्यात, बोलून झालं आसंल तर मान वर कर आन् ताण धर. सूत ढिलं पडलंय.”

मायाप्पानं मान वर केली. मान वर केल्यावर सगळी गल्ली समोर होती, एकेक चेहरा, आणि प्रत्येकाला सगळं ठाऊक होतं. त्यानं सुताला ताण दिला. तानाबाई हात पुसून लगबगीनं घरात गेली. ती कशाला गेली ते त्याला कळलं नाही. मग भोंगा झाला, आणि अर्ध्या उघड्या दारातून त्याला दिसलं, की ती खाली बसली होती आणि दोन्ही शेळ्यांच्या माना कवेत घेऊन, पदरानं त्यांचे कान झाकून, आवाज थांबायची वाट बघत होती. हे ती रोज करत असली पाहिजे. रोज याच वेळी तो मागच्या बोळात असायचा.

भोंगा थांबला. गिरणीला उशीर होत होता. मायाप्पा ताण्याचं टोक धरून तिथंच उभा राहिला, शेवटच्या हातापर्यंत खळ लागून होईपर्यंत.